'तुझाच'चं 'तुझीच'

पुणे,
२८ जानेवारी

प्रिय वैजू,

तुझा निरोप मिळाला. "मिलिंदसाठी कार्ड कर, मजकूर तूच बघ, तुला छान सुचतं." आधी हसले, मग रागच आला. अगं, लग्नाला पंचवीस वर्षं तुझ्या झाली, माझ्या नाही! अक्षर माझं घे, मजकूर तुझा हवा.

सध्या सुलेखनाच्या व्हॅलेंटाइन कार्डांच्या ऑर्डरींची गर्दी आहे. जेवणाच्या टेबलावर कार्डं वाळत घातलेली, त्यामुळे आम्ही दोघं आठवडाभर ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. पोस्टर कलर पाण्यात सैल करायचा, ब्रशने निबच्या पोटात भरायचा आणि श्वास रोखून ओळ संपवायची. शिरोरेघ मी शेवटी ओढते, शाळेत ओढायचो तशीच.

पहिल्या वर्षीची फजिती तुला सांगितलीच नाही. परदेशी निब मागवली, चांगली महागाची. अक्षर काही केल्या बसेना. जिथे भरदार हवं तिथे बारीक, जिथे निमुळतं हवं तिथे जाड. महिनाभर हाताला दोष दिला. मग कळलं, देवनागरीच्या निबचा तिरका काप इंग्रजीच्या उलट असतो! अप्पा बळवंत चौकातून मराठी कापाची निब आणली आणि पहिल्याच 'क'ने मान टाकायची थांबवली. हातकागदावर मात्र निब अडखळते, तिथे बोरूच बरा.

मराठीत प्रेम करायचं म्हणजे 'झ'शी गाठ. माझं, तुझं, माझ्या, तुझ्यावाचून. आणि 'झ'सारखं नाठाळ अक्षर नाही. कंबर जरा खाली गेली की पोट सुटल्यासारखा दिसतो, शेपूट लांबली की खालच्या ओळीत पाय घालतो. रोज सकाळी चहा होईपर्यंत पानभर 'झ' गिरवते. शेजारच्या काकूंना वाटतं, मी कसला तरी जप लिहितेय.

मजकुरांचं काय सांगू! निम्मे नेटवरून उचललेले. एकच चारोळी चौघांनी पाठवली, चौघींना चार रंगांत लिहून दिली. पण परवा एका मुलाने लिहून आणलं, "तू रिक्षावाल्याशी भांडतेस तेव्हा मला फार आवडतेस." ते लिहिताना हात आपोआप सावकाश झाला. 'रिक्षावाल्याशी' एवढा लांबलचक शब्द, पण एकाच शिरोरेघेखाली काय छान नांदला! त्याच्याकडून पन्नास रुपये कमी घेतले. घरी सांगितलं नाही.

आणि काल रात्री घोळ घातला. अकरा वाजलेले, शेवटचं कार्ड. बहुतेक ऑर्डरी मुलांच्या, त्यामुळे हाताला 'तुझाच'ची सवय. हे कार्ड एका मुलीचं होतं आणि मी खाली ऐटीत 'तुझाच' लिहून मोकळी! कागद तेवढाच उरलेला. पाच मिनिटं नुसती बघत बसले. मग लक्षात आलं, काना तर तोच आहे. त्याच्या डोक्यावरून मागे 'झ'वर वेलांटी वळवली की झाली 'तुझीच'. पण वरच्या ओळीतल्या 'खूप'चा ऊकार नेमका तिथेच लोंबत होता. त्याला वळसा घालून, निब उभी धरून, वेलांटी केसाएवढी बारीक नेली. आता ती मुद्दाम काढल्यासारखी दिसते. उलटं झालं असतं तर ब्लेडने खरवडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तेव्हापासून शंका आली की आधी 'तुझाच'च लिहायचं ठरवलंय.

तर बाईसाहेब, बुधवारपर्यंत मजकूर पाठव. दोन ओळी पुरेत. कार्ड पाच बाय सात इंचांचंच आहे, तुझी सगळी गाऱ्हाणी त्यात मावणार नाहीत. टाइप करू नकोस, कागदावर लिहून फोटो पाठव. आपल्या कम्प्यूटरवरचा मंगल फाँट र. कृ. जोशींचा, म्हणजे त्यामागेही एका सुलेखनकाराचा हात आहेच, पण तू कुठे थांबलीस, काय खोडलंस ते त्यात दिसत नाही. मला खोडलेलंही बघायचंय. 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा, आपल्या मराठी वळणाचे, मी काढीनच, ती काळजी नको. कुठे 'ळ' आला तर फार बरं, यंदा एकालाही 'ळ' सुचलेला नाही.

आणि 'प्रिय मिलिंद' अशी सुरुवात करू नकोस. चारचौघांत नसताना तू त्याला काय हाक मारतेस ते मला माहीत आहे. तेच लिही.

तुझीच
(या वेळी पहिल्या झटक्यात वेलांटीसकट)
सुधा