दोष खेळाडूंनाच का?

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडू पैशांसाठी संघ बदलतात, अशी खंत व्यक्त करणारा लेख वाचला. ती पटली नाही. प्रशिक्षकांना ही मोकळीक पूर्वीपासूनच आहे. 2021 मध्ये प्रशिक्षक ब्रायन केली यांनी हंगाम संपण्याआधीच नोटर डेम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठाशी दहा वर्षांचा, सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षापर्यंत विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला मात्र सहसा वर्षभर मैदानाबाहेर बसावे लागे! जुलै 2025 पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. ज्यांच्या जिवावर स्टेडियम भरतात, त्यांचा तो हक्कच आहे. काळजी करायचीच, तर त्यांच्या अर्धवट राहणाऱ्या पदवीची करावी. नव्या विद्यापीठाने जुन्या विद्यापीठातले श्रेयांक (क्रेडिट) ग्राह्य धरलेच पाहिजेत.

– एक क्रीडाप्रेमी, पुणे