तान मलाकाबद्दल, जरा सविस्तर

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, इंडोनेशिया म्हणजे सुकार्नो. अरे, पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून सुकार्नो आहेतच, पण मला सध्या झपाटलंय ते तान मलाकाने.

पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ मुलखातला हा माणूस. हॉलंडमध्ये शिक्षकाचं प्रशिक्षण घेऊन परतला आणि सुमात्रातल्याच देलीच्या मळ्यांवर करारबद्ध मजुरांच्या पोरांना शिकवू लागला. तिथले कुलींचे हाल बघून त्याचा डावेपणा पक्का झाला असणार, असं मला वाटतं. १९२१च्या अखेरीस कम्युनिस्ट पक्षाचा अध्यक्ष, आणि काही महिन्यांतच तिथल्या डच राज्यकर्त्यांनी हद्दपार केलेला!

तर्कतीर्थांच्या नादाने तू मानवेंद्रनाथ रॉय वाचलेस, म्हणून हे खास तुझ्यासाठी. १९२२च्या मॉस्कोतल्या कॉमिन्टर्नच्या, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या, अधिवेशनात रॉयही होते. पॅन-इस्लामवादाला, म्हणजे जगभरच्या मुसलमानांच्या एकीच्या चळवळीला, विरोध ही तेव्हा कॉमिन्टर्नची ठरलेली भूमिका. तान मलाकाने उभं राहून सांगितलं की आमच्याकडे याच विरोधामुळे शेतकरी आपल्यापासून तुटतात. गुलाम मुसलमान देशांत ती चळवळ साम्राज्यशाहीविरुद्धचीच लढाई आहे. मॉस्कोत हे बोलायला छाती लागते.

पुढे पक्षाने सशस्त्र उठावाचा घाट घातला, तेव्हा हा परदेशातून विरोध करत राहिला. तयारी नाही, लोक सोबत नाहीत. कुणी ऐकलं नाही. १९२६-२७चा उठाव चिरडला गेला, हजारोंची धरपकड झाली, कित्येकांना न्यू गिनीतल्या बोव्हेन दिगुलच्या छावणीत धाडलं. आणि 'हाच गद्दार' असा ठपका मात्र पक्षातल्यांनी याच्यावर ठेवला.

हद्दपारीतली वणवण एकूण वीस वर्षांची. मनिलात अमेरिकनांनी पकडलं, हाँगकाँगला ब्रिटिशांनी. १९४२मध्ये गुपचूप मायदेशी परतला, जकार्ताच्या एका वस्तीत लपून 'मादिलोग' लिहिलं: भौतिकवाद, द्वंद्ववाद, तर्कशास्त्र. नंतर 'इल्यास हुसेन' या नावाने जावातल्या बाया गावच्या कोळसा खाणीत नोकरी! तेव्हा तिथे सत्ता असलेल्या जपान्यांना पत्ताच नाही.

स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर सुकार्नोंनी लेखी दिलं होतं की आपलं काही बरंवाईट झालं तर नेतृत्व चौघांकडे जावं. त्यात हा एक. पण शंभर टक्के स्वातंत्र्याआधी डचांशी वाटाघाटी नकोत, असा हट्ट धरला म्हणून मार्च १९४६मध्ये इंडोनेशियाच्या नव्या प्रजासत्ताकानेच त्याला आत टाकलं. खटला नाही, अडीच वर्षं तशीच.

सुटल्यावर मुर्बा पक्ष काढला, डचांच्या दुसऱ्या हल्ल्यानंतर केदिरीच्या डोंगरांत गनिमी लढा उभारला, आणि २१ फेब्रुवारी १९४९ला सेलोपांगुंग गावात प्रजासत्ताकाच्याच सैनिकांनी गोळी घातली. १९६३मध्ये सुकार्नोंनी त्याला राष्ट्रीय वीर ठरवलं. सुकार्नोंनंतर आलेल्या सुहार्तोंच्या राजवटीत नाव काढायची सोय नव्हती.

वाटाघाटींबाबत तो चुकला होता, असं तू म्हणशील, आणि कदाचित बरोबरही असशील. पण धर्म आणि चळवळ यांबद्दल तो मॉस्कोत जे बोलला, त्यावर रॉयवादी म्हणून तुझं काय म्हणणं आहे, ते कळव. फोनवर नको, लिहून पाठव.

तुझा,
सुध्या