‘यूल’चा चाकाशी संबंध नाही

महोदय,

नाताळ पुरवणीतील ‘देशोदेशींच्या शुभेच्छा’ या चौकटीत स्वीडन-नॉर्वेची शुभेच्छा ‘गॉड जुल’ अशी छापली असून ‘जुल म्हणजे सूर्याचे चाक’ असा खुलासा केला आहे. दोन्ही चुकीचे आहे. हाच मजकूर दरवर्षी फिरत राहतो, म्हणून हे सविस्तर पत्र.

उच्चार ‘गू यूल’ असा आहे; ‘यूल’ म्हणजे तिकडचा नाताळ. तिथे ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो आणि पहिल्या शब्दातला ‘द’ बोलताना गळतो. त्या शब्दाचा देवाशीही संबंध नाही, अर्थ फक्त ‘चांगला’.

चाकाची गोष्ट जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियाच्या प्राचीन भाषेतल्या ‘योल’ (सण) आणि ‘ह्योल’ (चाक) या शब्दांच्या साम्यावर उभी आहे. पण ‘ह्योल’ हा इंग्रजी ‘व्हील’चा आणि आपल्या ‘चक्र’चा भाऊबंद. ‘योल’चे मूळ वेगळे, आणि त्याचा आद्य अर्थ आजही निश्चित झालेला नाही. खात्रीचे पुरावे आहेत ते कालगणनेचे. गॉथिक या आता लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेतल्या पंचांगाच्या एका तुकड्यात नोव्हेंबरला ‘फ्रुमा यिउलीस’ म्हटले आहे. इंग्लंडमधील भिक्षू बीड याने 725 साली नोंदवले की डिसेंबर आणि जानेवारी या दोन्ही महिन्यांना ‘ग्यूली’ म्हणत. ही दोन्ही ‘यूल’चीच जुनी रूपे. म्हणजे शब्द ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या परंपरेतला, ऋतूचा.

तो नाताळाला कसा चिकटला? आइसलँडचा मध्ययुगीन इतिहासकार स्नोरी याच्या राजगाथेनुसार 10व्या शतकात, इंग्लंडमध्ये वाढलेला नॉर्वेचा ख्रिस्ती राजा हाकोन याने कायदा केला की यूल ख्रिस्ती लोकांच्या नाताळाबरोबरच पाळावा. प्रत्येकाने ठरावीक माप माल्टची बिअर गाळावी, नाहीतर दंड भरावा, आणि बिअर पुरेल तोवर सण पाळावा. पुढे नॉर्वेच्या गुलातिंग या मध्ययुगीन प्रादेशिक कायद्यात हीच बिअर ख्रिस्त आणि मरियेच्या नावाने, ‘चांगले पीक आणि शांती’ यांसाठी मंत्रून घ्यावी असे आले. नाव जुने आणि देव नवा, हे इतके स्पष्ट क्वचितच सापडते. फिनिश भाषा तर वेगळ्याच कुळातली, तरी तिने हा शब्द शेजाऱ्यांकडून उचलला: ‘ह्युव्हॅ योउलुआ’.

शुभेच्छा लिहिताना एक चूक हमखास होते. नववर्षासाठी ‘गॉत न्यूत ओर’ म्हणतात, ते पाहून लोक ‘गॉत यूल’ही लिहितात. ‘ओर’ हा शब्द आपल्या ‘वर्षा’सारखाच नपुंसकलिंगी, म्हणून ‘गॉत’. ‘यूल’ नपुंसकलिंगी नाही, तिथे ‘गू’च. डॅनिशमध्ये ‘ग्लेदली यूल’ अधिक रूढ, आइसलँडमध्ये ‘ग्लेदिलेग योल’.

वेळही महत्त्वाची. या सर्व देशांत मुख्य सण 24 डिसेंबरच्या संध्याकाळी असतो. आइसलँडमध्ये तो संध्याकाळी 6 वाजता, रेडिओवर चर्चच्या घंटा वाजल्या की सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे 11.30 झालेले असतात. स्टॉकहोम, ऑस्लो किंवा कोपनहेगनमधील नातेवाइकांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना 25च्या सकाळी इथून गेलेला संदेश उशिराचा ठरतो. उशीर झालाच, तर स्वीडिश माणसाला ‘गू फोर्टसेत्निंग’, म्हणजे उरलेला सण छान जावो, असे लिहावे. नाताळ ते नववर्ष या मधल्या दिवसांत नॉर्वेत ‘गू रुमयूल’ म्हणतात.

— एक वाचक, पुणे