गुड फ्रायडेला तासभर शांतता द्या

महोदय,

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, की आमच्या घरात शुक्रवारी तांबडा-पांढरा शिजत नाही. मटणाचे वाचलेले पैसे मी डबीत टाकते, ते गरजूंना जातात. संध्याकाळी चर्चमध्ये ‘क्रुसाची वाट’ असते. प्रभू येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या प्रसंगांची १४ स्थानं, प्रत्येकापाशी थांबून प्रार्थना. गुडघे दुखतात, तरी नातीचा हात धरून सगळी करते. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी वर्षभर क्रुसामागे खोचलेली असते. पुढच्या वर्षीची राख अशाच झावळ्यांची होते, हे मला फार आवडतं.

गुड फ्रायडेला दुपारी तीनला आम्ही प्रभू येशूचं मरण स्मरतो. गेल्या वर्षी बाहेरच्या स्पीकरमुळे वाचन ऐकूच आलं नाही. त्या दिवशी तासभर चर्चजवळचे आवाज कमी ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

— एक आजी, कोल्हापूर