संचालकपदाच्या कामाचीही दखल हवी

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांना २०२४ मध्ये खगोलशास्त्रातील प्रतिष्ठेचा आंतरराष्ट्रीय शॉ पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या शोधांचे कौतुक झाले. परंतु २००६ ते २०१८ या काळात अमेरिकेतील कॅलटेक (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या संस्थेच्या प्रकाशीय वेधशाळांचे संचालक म्हणून त्यांनी केलेले काम आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

याच संस्थेच्या कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेतील २०० इंची हेल दुर्बीण १९४८ सालची. तिच्याहून कितीतरी मोठ्या दुर्बिणी हवाई बेटावर आणि चिलीत उभ्या राहिल्यावर पालोमारचे प्रयोजन काय, हा प्रश्न संचालकापुढे येणे अटळच होते. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तेथील जुन्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीला (आकाशाचा मोठा भाग एकदम टिपणाऱ्या दुर्बिणीला) असा कॅमेरा बसवण्यात आला, की एका छायाचित्रात ४७ चौरस अंश, म्हणजे दोनशेहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढे आकाश टिपता येते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ या सर्वेक्षणाने अतिनवताऱ्यांसारख्या (ताऱ्यांच्या स्फोटांसारख्या) अचानक उजळणाऱ्या हजारो घटना त्यातून नोंदवल्या आहेत. निधी उभारणे, अभियंत्यांचा संघ बांधणे, दुर्बिणीच्या रात्रींचे वाटप करणे ही कामे कोणत्याही शोधनिबंधात दिसत नाहीत. तरीही, जुने साधन मोडीत न काढता त्याला नेमका प्रश्न सोपवण्याची ही दृष्टी मला एखाद्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

आपल्या विज्ञानविषयक पुरवणीत वेधशाळांच्या या व्यवस्थापनावर सविस्तर लेख प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर