यंत्रापेक्षा आजींचं ऐकणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि वाचलंत तर ओळखालच. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे तुम्ही महिन्यापूर्वी डोळ्यांचा नंबर काढायचं यंत्र घेऊन आला होतात. मी त्यांचा मुलगा. निघताना दारात तुमचे धड आभारही मानता आले नाहीत, घसाच दाटून आला होता.

तुमच्याआधी मी तीन ठिकाणी विचारून झालं होतं. सगळीकडे एकच उत्तर : "त्यांना इथे घेऊन या." तिला दहा मिनिटंही बसवत नाही, हे सांगूनसुद्धा. एका ठिकाणी तर न बघताच निकाल लागला : "या वयात एवढंच दिसायचं." तरी एकदा स्ट्रेचरवरून नेलं. टेबलावरच्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून तिला स्थिर राहता येईना, तेव्हा 'पेशंट सहकार्य करत नाहीत' असं कागदावर लिहून आम्हाला परत पाठवलं. तो कागद मी जपून ठेवलाय. राग शिळा होऊ नये म्हणून.

तुमचं यंत्र हातात धरायचं होतं. आईच्या पाठीशी दोन उशा लावल्या, तुम्ही ते तिच्या डोळ्यांसमोर धरलंत आणि काही सेकंदांत आकडे आले. मी खोदून विचारलं म्हणून तुम्ही समजावलंत : डोळ्यात मंद प्रकाश सोडायचा, दृष्टिपटलावरून परतणारा प्रकाश चिमुकल्या भिंगांच्या जाळीतून जाऊ द्यायचा, आणि पलीकडे उमटलेले ठिपके जागचे किती सरकले त्यावरून नंबर काढायचा. नंतर मी थोडं वाचलं. शॅक आणि प्लॅट या शास्त्रज्ञांनी १९७१ साली ही जाळी मांडली ती डोळ्यांसाठी नव्हे, आकाशाकडे बघणाऱ्या दुर्बिणींच्या कामासाठी. माणसाच्या डोळ्यावर तिने मोजमाप केल्याचा शोधनिबंध १९९४चा. आणि टेबल सोडून ती आईच्या उशाशी आली ती आत्ता.

यंत्राचं कौतुक बाकीचे करतीलच. माझ्या मनातून जात नाही ते त्यानंतरचं. तुमच्याबरोबरच्या ऑप्टोमेट्रिस्टनी, म्हणजे चष्म्याचा नंबर तपासणाऱ्यांनी, यंत्राचा नंबर ट्रायल फ्रेममध्ये, भिंगं बदलून बघायच्या त्या चौकटीत, चढवला आणि आई म्हणाली, "मघाचं भिंग बरं होतं." मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "अगं, यंत्र चुकत नाही." त्यावर तुम्ही, ते यंत्र स्वतः बनवणाऱ्या, हसून म्हणालात, "चुकतं हो. आजी, तुम्ही सांगा."

मग पाव नंबर कमी. "आता?" पुन्हा आधीचं. "आता?" आई तब्बेतीत विचार करून उत्तर देत होती. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिचं मत विचारत होतं! तुम्ही पलंगाशी गुडघे टेकून बसला होतात. घड्याळाकडे बघितलं ते मीच. यंत्राचा आकडा ही फक्त सुरुवात, असं तुम्ही म्हणालात. इतक्या वर्षांची जुन्या चष्म्याची सवय त्यात मोजली जात नाही. शेवटी वहीत लिहिलंत ते मी चोरून वाचलं : 'यंत्र पाव नंबर जास्त. आजींचं बरोबर.'

शिकलेली माणसं खूप भेटतात, ताई. आपल्याच कामातली चूक एका म्हाताऱ्या बाईच्या शब्दावर टिपून घेणारी किती?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा दृष्टीविषयक अहवाल सांगतो की जगात किमान १०० कोटी माणसांच्या दृष्टीचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपाय झालेला नाही. त्यातले ८२.६ कोटी तर चाळिशीमुळे जवळचं न दिसणारे, म्हणजे नुसत्या चष्म्याने भागणारे. त्यांतल्या किती जणांच्या कागदावर 'सहकार्य करत नाहीत' लिहिलं असेल, कोण जाणे.

चष्मा आला. आईने आधी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "केवढा पिकलास रे!" मग वाचायला काहीतरी दे म्हणाली. हाताशी होता तो तोच कागद. तिने तो अंतरावर धरला, जवळ आणला, सावकाश पूर्ण वाचला आणि परत दिला.

"'सहकार्य' चुकीचं लिहिलंय यांनी," म्हणाली.

तुमचा,
आजींचा पिकलेला मुलगा