चार काड्या आणि शून्य

प्रिय अव्या,

तुझं पत्र वाचून हसूच आलं. कार्बन टेट्राक्लोराइडचे चारही बंध ध्रुवीय, म्हणजे एक टोक किंचित अधिक, दुसरं किंचित उणे, मग त्याचं डायपोल मोमेंट, म्हणजे सगळ्या बंधांची मिळून होणारी ध्रुवीयता, शून्य कसं, हे तुला आत्ता सुचलं? बारावीत ‘रेणू सममित असल्यामुळे’ एवढं लिहून आपण दोघांनी गुण पदरात पाडून घेतले होते. कळलं मलाही काही नव्हतं.

काल मातीच्या गोळीत चार काड्या खोचून बसलो. एक सरळ वर. उरलेल्या तीन छत्रीच्या काड्यांसारख्या खाली पसरलेल्या, वरचीशी प्रत्येकीचा कोन 109.5 अंश. प्रत्येक काडी म्हणजे कार्बनकडून क्लोरीनकडे जाणारा बाण समज, कारण इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात. आता खालच्या एका बाणाचा फक्त उभा भाग काढ. 109.5 अंशांचा कोसाइन उणे एक तृतीयांश. असे तीन, म्हणजे उणे एक. वरचा अधिक एक. आडवे भाग आपसातच मिटतात. झालं शून्य! एका क्लोरीनच्या जागी हायड्रोजन बसव, की क्लोरोफॉर्म होतं आणि हिशोब फिसकटतो: साधारण 1 डिबाय उरतं. (हे एकक पीटर डिबाय यांच्या नावाचं, 1936 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.)

कार्बन डायऑक्साइड तर सरळ रेषेतली रस्सीखेच, दोन्हीकडे सारखाच जोर, म्हणून शून्य. पाणी मात्र 104.5 अंशांत वाकलेलं. एका ओ-एच बंधाचे दीड डिबाय धर, अर्ध्या कोनाचा कोसाइन 0.61, दोन बंध: 1.83. मोजलेलं 1.85. फार खूश होऊ नकोस, तो दीड मुळात पाण्याच्या मोजमापावरूनच उलटा काढलेला आहे!

खरी गंमत अमोनियात आहे. अमोनियाचं 1.47 आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचं जेमतेम 0.23. आकार दोन्हींचा तिवईसारखा. विद्युतऋणतेतला, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढायच्या ताकदीतला फरक बघशील तर एन-एफ बंधातलाच थोडा जास्त. पुस्तकात आकडे उलटे छापलेत की काय म्हणून मी दुसरं पुस्तक काढून पाहिलं. घोळ माझ्याच डोक्यात होता, मी नायट्रोजनच्या डोक्यावरची, कुठल्याच बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी धरलीच नव्हती. तिचा बाण वर. अमोनियात हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे सरकतात, म्हणजे ते तिन्ही बाणही वरच. सगळे एका बाजूने. फ्लोरीन मात्र इलेक्ट्रॉन खाली ओढतो, त्यामुळे तीन बाण खाली, जोडीचा वर, आणि हाती राहते चिल्लर. बंध ध्रुवीय आहे एवढ्यावर कधी थांबू नये, तो कुठे तोंड करून उभा आहे तेही बघावं लागतं.

आणि कधीकधी तेवढ्यानेही भागत नाही. कार्बन मोनॉक्साइडचं मोमेंट फक्त 0.11, आणि त्यातही ऋण टोक कार्बनकडे! ऑक्सिजन इतका हावरट असून. त्यावर आज लिहीत नाही, इलेक्ट्रॉन कुठे वावरतात ती ऑर्बिटलं काढत बसावं लागेल.

आता तुझी पाळी. पॅरा-डायक्लोरोबेंझिन म्हणजे बेंझिनच्या कड्यावर समोरासमोर दोन क्लोरीन, त्याचं शून्य तू कागदावरच काढशील. पण दोन्ही क्लोरीनच्या जागी ओएच बसव, म्हणजे हायड्रोक्विनोन. समोरासमोर तेच गट, तरी शून्य येत नाही. काड्या घेऊन बस, एखादी मध्येच मोडून बघ, आणि उत्तर कळव.

तुझा,
दिल्या